चादरीवर न बसणारं फूल

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "सर, गणिताची माणसं एखाद्या सिद्धतेला 'सुंदर' म्हणतात. हे नुसतं कौतुकाचं बोलणं आहे, की तत्त्वज्ञानात त्याला काही आधार आहे? आणि सुंदर आहे म्हणून ते खरंही असणार असं धरून चालायचं का? सुवर्ण गुणोत्तराबद्दल तर इतकं काही वाचायला मिळतं की काय मानावं कळत नाही." ती सोलापुरात पूर्व भागात राहते, घरी दोन यंत्रमाग आहेत, असंही तिने लिहिलं आहे. मी ३४ वर्षं याच शहरात गणित शिकवलं आणि त्याआधी माझं बालपणही मागाच्या खडखडाटातच गेलं. त्यामुळे उत्तराची सुरुवात तुझ्या-माझ्या ओळखीच्या जागेवरून करतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, जेकार्ड चादरींच्या एका कारखान्यात नक्षी काढायचे. बारीक चौकटींचा मोठा कागद जमिनीवर पसरून एकेक घर रंगवत जायचं. एक घर म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा धागा जिथे भेटतात ती जागा. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे ओळीने ओवून मागाच्या माथ्यावर चढवायचे. जिथे भोक तिथला धागा वर उचलला जातो, आणि धोटा त्याखालून निघून जातो. एकदा एका व्यापाऱ्याने सहा पाकळ्यांचं फूल मागितलं, शाळेत आपण कंपासपेटी घेऊन वर्तुळात काढतो तसं अगदी नेमकं. अण्णांनी कितीतरी कागद खर्ची घातले. शेवटी त्यांनी त्या माणसाला सांगितलं, "चार पाकळ्या सांगा, हवं तेवढं मोठं काढून देतो. सहा पाकळ्यांचं फूल मागावर पुरतं बसत नाही. कुठेतरी धागा कमी पडतो, नाहीतर जास्त होतो."

मला तेव्हा वाटलं, कागद अजून मोठा घेतला, घरं अजून बारीक केली, तर बसेलच की. अण्णा म्हणायचे, नाही बसत. का बसत नाही हे त्यांना सांगता यायचं नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ते कारण माझ्या हाती लागलं, आणि गणिताला सुंदर का म्हणतात हा प्रश्न माझ्यापुरता त्या दुपारी सुटायला लागला. ते कारण आधी पूर्ण सांगतो, कारण उदाहरण हातात नसताना सौंदर्यावर बोललं की सगळं हवेत राहतं.

सहा पाकळ्यांच्या नेमक्या फुलाची एकाआड एक टोकं जोडली की समभुज त्रिकोण होतो. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो: ज्याची तिन्ही टोकं चौकटींच्या कोपऱ्यांवर येतात असा समभुज त्रिकोण चौकटीच्या कागदावर काढता येईल का? समजा आला. त्याच्याभोवती चौकटींच्या रेषांवरून एक आयत आखला, तर कोपऱ्यांत काटकोन त्रिकोण आणि आयत उरतात. आयताच्या क्षेत्रफळातून ते वजा केले की आपल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ मिळतं, आणि ते पूर्ण संख्या तरी येतं किंवा 'अमुक आणि अर्धा' तरी. दुसरीकडून पाहा: बाजूचा वर्ग पायथागोरसच्या प्रमेयाने पूर्ण संख्याच येणार. आणि समभुज त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे बाजूचा वर्ग गुणिले √३, भागिले ४. दोन्ही बाजू जोडल्या तर √३ हा साधा अपूर्णांक ठरतो. तो तसा नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून असा त्रिकोण नाही. कागद केवढाही घे, घरं कितीही बारीक कर.

कोणी म्हणेल, चादरीत उभे आणि आडवे धागे इंचाला सारखेच कुठे असतात? घर चौरस नसून आयत असतं. बरोबर आहे. पण धागे मोजायचे ते पूर्ण संख्येतच. समजा इंचाला उभे ४० आणि आडवे ३६. मग घराच्या दोन बाजूंचं गुणोत्तर अपूर्णांकच राहतं, आणि वरची सगळी सिद्धता, 'पूर्ण संख्ये'च्या जागी 'अपूर्णांक' म्हणून, पुन्हा तशीच चालते. अण्णांच्या कागदावर, तुमच्या घरच्या मागावर, जगातल्या कुठल्याही मागावर ते फूल नेमकं बसणार नाही. एका सपाट पृष्ठभागावर सगळीकडे पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचे सममितीच्या दृष्टीने १७च प्रकार आहेत, हे फेदोरोव्ह या रशियन गणितज्ञाने १८९१ मध्ये दाखवलं. त्यांतल्या पाच प्रकारांना ६० किंवा १२० अंशांत फिरण्याची गरज असते. ते पाच मागावर नेमके येत नाहीत, १२ येतात.

आता यात सुंदर काय आहे? फूल सुंदर आहे म्हणावं, तर ते इथे काढलेलंच नाही. उलट ते काढता येत नाही हे सिद्ध झालंय. डोळ्यांना दिसण्यासारखं काहीच नाही, तरी ही सिद्धता पहिल्यांदा कळली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि आजही वर्गात सांगताना आवाज बदलतो. तत्त्वज्ञानातला खरा प्रश्न इथेच आहे. दिसणारं सौंदर्य आणि कळणारं सौंदर्य एकच की वेगळं?

प्लेटोने एका संवादात सॉक्रेटिसच्या तोंडून म्हटलंय की सरळ रेषा, वर्तुळं आणि त्यांच्यापासून पट्टीने, कंपासने बनवलेल्या आकृत्या या इतर वस्तूंसारख्या कशाच्या तरी तुलनेत सुंदर नसतात, त्या स्वतःच सुंदर असतात. ॲरिस्टॉटलने क्रम, प्रमाणबद्धता आणि निश्चितता ही सौंदर्याची मुख्य रूपं सांगितली, आणि गणित नेमकं याच गोष्टी दाखवतं, तेव्हा गणिताचा सौंदर्याशी संबंध नाही म्हणणारे चुकतात, असं बजावलं. दोघांचंही म्हणणं मोठं आहे, पण दोघांतही आकृतीचं सौंदर्य आणि कारणाचं सौंदर्य एकमेकांत मिसळलेलं आहे. ते वेगळं काढायचं काम कांट या जर्मन तत्त्वज्ञाने केलं, आणि माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात धारदार बोलणं त्याचंच आहे.

कांट १७९० मध्ये म्हणतो की वर्तुळाच्या किंवा संख्यांच्या गुणधर्मांना सुंदर म्हणायची पद्धत आहे, पण ती योग्य नाही. फूल आवडताना 'फूल म्हणजे काय' ही व्याख्या मनात लागत नाही. किनारीवरची वेलबुट्टी, भिंतीच्या कागदावरची नक्षी ही त्याच्या लेखी मोकळ्या सौंदर्याची उदाहरणं आहेत, कारण ती कशाचाच अर्थ सांगत नाहीत. वर्तुळाचे गुणधर्म मात्र आपल्याला संकल्पनेतून, बुद्धीने कळतात. त्यांना फार तर परिपूर्णता म्हणा, सौंदर्य नव्हे. हे वाचून गणिताचा माणूस दुखावतो. मीही दुखावलो होतो. पण तो तिथेच पुढे म्हणतो की त्या गुणधर्मांच्या सिद्धतेला सुंदर म्हणणं त्या मानाने जास्त शोभेल, कारण सिद्धता समजताना बुद्धी आणि कल्पनाशक्ती दोन्हींना आपलं बळ वाढल्याचा अनुभव येतो. त्याने जाता जाता केलेली ही सूट मला त्याच्या मुख्य विधानापेक्षा महत्त्वाची वाटते. गुणधर्म ही बातमी आहे. सिद्धता ही घटना आहे, ती प्रत्येकाच्या मनात पुन्हा नव्याने घडावी लागते.

हा फरक अनुभवायचा असेल तर विजापूरला जाऊन ये. सोलापूरपासून १०० किलोमीटरच्या आसपास. गोल घुमटाखाली उभं राहिलं की आधी फक्त आवाका जाणवतो. आतला व्यास ३८ मीटरांच्या जवळपास, आणि मध्ये एकही खांब नाही. हे दिसणारं सौंदर्य झालं. मग मान वर करून नीट बघ. खोली चौकोनी आहे आणि घुमट गोल. चौकोनाने वर्तुळाला खांदा द्यायचा कसा? आठ कमानी एकमेकींना छेदत जातात, त्यांतून एकमेकांवर ४५ अंशांत फिरवलेले दोन चौरस तयार होतात, आणि त्या दोन चौरसांच्या आत जो अष्टकोन उरतो तो वर्तुळाच्या इतका जवळ येतो की घुमट त्यावर टेकतो. हे लक्षात येतं त्या क्षणी वास्तू तीच असते, दिसणं तेच असतं, तरी काहीतरी उजळतं. मुलांची सहल नेली की मी कधी आधी सांगत नसे. पंधरा मिनिटं नुसतं बघू द्यायचो.

आपल्या मराठीतच या उजळण्याबद्दल बोलायला शब्द आहेत, आणि गणित शिकवणाऱ्यांनी ते फारसे वापरले नाहीत याची मला खंत आहे. बा. सी. मर्ढेकर आपल्याला कवी म्हणून माहीत असतात. त्यांनी सौंदर्यशास्त्रावर तितक्याच गांभीर्याने लिहिलं. कलाकृतीतल्या घटकांचे एकमेकांशी संबंध कसे असतात हे सांगताना त्यांनी लयीची तीन तत्त्वं मांडली: संवाद, विरोध आणि समतोल. मर्ढेकर कलांबद्दल बोलत होते, गणिताबद्दल नाही. पण वरची सिद्धता या तीन शब्दांत वाचून बघ. एकाच क्षेत्रफळाकडे दोन वाटांनी जायचं, ही संवादाची जुळणी. पहिल्या वाटेने पूर्णांक किंवा अर्ध येतं, दुसरीने √३ येतं, हा विरोध. आणि तो विरोध मिटतो तो 'असा त्रिकोणच नाही' या एकाच वाक्यात. एकही शब्द वाया गेलेला नाही, एकही उरलेला नाही. ओवीत शेवटचा चरण आखूड येतो आणि त्या आखूडपणानेच ओवी पुरी होते, तसं. सगळ्या सिद्धता अशा नसतात. ज्यांत विरोध उभाच राहत नाही, नुसती आकडेमोड संपते, त्या बरोबर असतात पण कोणाला आठवत नाहीत.

१८ व्या शतकात हचिसन या तत्त्वज्ञाने सौंदर्याची व्याख्या 'विविधतेत एकरूपता' अशी केली आणि प्रमेयांना त्याचं ठळक उदाहरण मानलं: एका विधानात अगणित वेगवेगळ्या गोष्टी सामावतात. हे खरं आहे, पण अपुरं आहे. 'प्रत्येक सम संख्येला २ ने भाग जातो' यातही अगणित गोष्टी सामावल्यात आणि त्यावर कोणी भाळत नाही.

आपल्या काळाच्या जवळचं मत म्हणजे जान-कार्लो रोटा यांचं, १९९७ मधलं. स्वतः मोठे गणितज्ञ. ते म्हणतात की गणिताची माणसं 'सुंदर' म्हणतात तेव्हा त्यांना खरं तर 'लख्ख उजाडलं' असं म्हणायचं असतं. पण उजाडणं ही कमी-जास्त होणारी, मोजता न येणारी गोष्ट. ती कबूल करायला संकोच वाटतो, म्हणून त्यावर सौंदर्याचा शब्द पांघरतात. मला यातलं अर्धं मत पूर्ण पटतं. उजाडणं हाच गाभा आहे. पण 'सुंदर' हा शब्द नुसतं पांघरूण आहे हे मला पटत नाही. उजाडणं आणि उजाडणं यांत फरक असतो. एखादी गोष्ट मला चाळीस पानं वाचून, थकून, शेवटी कळते. दुसरी अशी कळते की कळल्यावर वाटतं, हे दुसरं काही असूच शकत नव्हतं, आणि तरी पाच मिनिटांपूर्वी मला याची चाहूलही नव्हती. अनपेक्षित आणि अटळ, दोन्ही एकाच वेळी. त्या दुसऱ्या कळण्याला वेगळा शब्द लागतो. तो 'सुंदर' आहे, आणि तो मी मनापासून वापरतो.

याची उलटी बाजू चार रंगांच्या प्रमेयात दिसते. कुठलाही नकाशा शेजारचे प्रदेश वेगळे दिसतील असा रंगवायला चार रंग पुरतात, ही अटकळ १८५२ पासूनची. १९७६ मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी ती सिद्ध केली, पण हजाराहून जास्त प्रकार संगणकाकडून तपासून घेऊन. निकालावर शंका नाही. तरी किती जणांना ती सिद्धता सुंदर वाटली? फार थोड्यांना, कारण चारच का, हे ती वाचून उमगत नाही; पुरतात एवढं कळतं. सहा पाकळ्यांचं फूल बसत नाही हे अण्णांनाही असंच माहीत होतं. कित्येक कागद रंगवून त्यांनी प्रकार तपासले होते. त्यांच्याकडे खरेपणा होता, कारण नव्हतं.

म्हणजे खरं असूनही सुंदर नाही, असं होऊ शकतं. आता तुझा दुसरा प्रश्न: सुंदर आहे म्हणून खरं मानायचं का? नाही. यावर मी ठाम आहे. १५९६ मध्ये केप्लरला वाटलं की आपल्याला विश्वाचा आराखडा सापडला. नियमित घनाकृती पाचच असतात, हे युक्लिडपासून सिद्ध आहे. तेव्हा ग्रह सहा माहीत होते, म्हणजे त्यांच्यामध्ये जागा पाच. पाच जागांत पाच घनाकृती एकात एक बसवल्या तर ग्रहांची अंतरं जवळजवळ जुळत होती! याहून सुंदर काय असेल? आणि ते चूक होतं. पुढे टायको ब्राहेने घेतलेले मंगळाचे वेध त्याच्या हाती आले. वर्तुळांवर आधारलेलं गणित आणि वेध यांत फरक फक्त ८ कलांचा, एका अंशाच्या सातव्या भागापेक्षाही कमी. दुसरा कोणी असता तर सोडून दिला असता. केप्लरने वर्तुळ सोडलं. १६०९ मध्ये त्याने लंबवर्तुळ मांडलं, जे तेव्हा कोणालाच देखणं वाटत नव्हतं. त्याचं सौंदर्य १६८७ मध्ये न्यूटनने दाखवलं: अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होणारं बल घेतलं की ग्रहाची बंद कक्षा लंबवर्तुळच निघते. आधी सत्य आलं, सौंदर्य ७८ वर्षांनी आलं, आणि ते कारणाच्या हाताला धरून आलं. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकचं इलेक्ट्रॉनबद्दलचं १९२८ चं समीकरण हे उलट, म्हणजे सौंदर्याने सत्याकडे नेल्याचं, उदाहरण म्हणून नेहमी देतात. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण उलट विद्युतभाराचा कण, १९३२ मध्ये खरोखर सापडला. चांगलं उदाहरण आहे. पण तिथेही निकाल दिला तो प्रयोगानेच. शोधणाऱ्याला कुठे खणायचं हे सौंदर्य सुचवू शकतं, पाणी लागलं की नाही ते विहीरच सांगते.

सुवर्ण गुणोत्तराबद्दल थोडक्यात. १.६१८… ही संख्या खरी आहे, नियमित पंचकोनात ती खरोखर आहे, सूर्यफुलाच्या बियांच्या मांडणीत त्याच गुणोत्तरातून निघणारा सुमारे १३७.५ अंशांचा कोन आहे आणि त्याला वाढीच्या प्रक्रियेतलं कारणही आहे. पण हीच संख्या म्हणजे सगळ्या सौंदर्याची किल्ली, हा दावा १८५४ च्या सुमारास झायझिंग या जर्मन लेखकाने जोरात मांडला, आणि तेव्हापासून लोक प्रत्येक जुन्या देवळावर, प्रत्येक सुंदर चेहऱ्यावर आयत ठेवून तो सिद्ध करत बसले आहेत. आयत कुठून कुठपर्यंत ठेवायचा हे आपल्याच हातात असलं की हवं ते गुणोत्तर सापडतं. यात कारण नाही, म्हणून मी याला गणिताचं सौंदर्य म्हणत नाही.

मग प्रश्न येतो, नुसती गंमत आणि सौंदर्य यांत फरक काय? महाराष्ट्रातल्या माणसाने हा प्रश्न कापरेकरांच्या संख्येवरच विचारायला हवा. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ जगाला दिली: चार अंकी कुठलीही संख्या घे, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी कर, हेच करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. ३५२४ घे: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. मुलं थक्क होतात, मीही झालो होतो. पण केंब्रिजच्या हार्डी या गणितज्ञाने १९४० मध्ये अशा गोष्टींवर कठोर निकाल दिला होता. त्याचं उदाहरण ८७१२ आणि ९८०१ यांचं: चार अंकी संख्यांत याच दोन अशा की त्या स्वतःला उलट लिहून येणाऱ्या संख्येच्या पटीत असतात, ८७१२ म्हणजे २१७८ च्या ४ पट, ९८०१ म्हणजे १०८९ च्या ९ पट. हार्डी म्हणतो, यात गणितज्ञाला भुरळ पडावी असं काही नाही, कारण हे कुठेही पुढे जात नाही.

हार्डीची कसोटी मला मान्य आहे: सौंदर्याला खोली लागते, एका जागचा धागा ओढला की दूरचं काहीतरी हललं पाहिजे. ६१७४ आपल्या दशमान लेखनावर उभी आहे. पाच अंकी संख्या घेतल्या तर अशी एक संख्या मिळतच नाही, फेरे पडतात. तरी कापरेकरांवर हा निकाल मी जसाच्या तसा लावणार नाही. गमतीचा उंबरठा ओलांडूनच बहुतेक मुलं सौंदर्यापर्यंत येतात, आणि तो उंबरठा त्या माणसाने एका शाळेत बसून, एकट्याने, आयुष्यभर घडवला.

खोली म्हणजे काय, यासाठी पुन्हा त्या फुलाकडे जाऊ. फूल नेमकं बसत नाही. मग किती जवळ बसतं? अण्णांनी शेवटी त्या व्यापाऱ्याला जे फूल दिलं त्याचा कागद माझ्याकडे आहे. त्यातल्या त्रिकोणाचा पाया ३० घरं, उंची २६. तिरक्या बाजूचा वर्ग १५ चा वर्ग अधिक २६ चा वर्ग, म्हणजे ९०१. पायाचा वर्ग ९००. फरक एकाचा! प्रत्यक्ष लांबीत धाग्याचा साठावा भाग. डोळ्यांना कधीच न दिसणारा. लहान फूल हवं तर पाया ८, उंची ७: ६५ आणि ६४. मोठं हवं तर पाया ११२, उंची ९७: १२,५४५ आणि १२,५४४. दरवेळी चूक नेमकी एकाची, आणि शून्य तर ती होऊच शकत नाही. पायाच्या निम्म्याला य म्हण, उंचीला क्ष म्हण. आपण शोधतोय ते क्ष² − ३य² = १.

हे समीकरण आपल्याकडे फार जुनं आहे. याला वर्गप्रकृती म्हणतात. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दोन उत्तरांतून तिसरं उत्तर काढायची युक्ती दिली, तिला भावना असं देखणं नाव आहे. २ आणि १ या पहिल्या जोडीपासून निघालं की ७ आणि ४, मग २६ आणि १५, मग ९७ आणि ५६, अशी माळ ओवली जाते. ३ च्या जागी ६१ घेतल्यावर सगळ्यात लहान उत्तरातली मोठी संख्या १७६,६३,१९,०४९ आहे, आणि भास्कराचार्यांनी ११५० मध्ये चक्रवाल पद्धतीने ते काढून दाखवलं. फर्माने हाच ६१ चा प्रश्न १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकला. अण्णांना यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांनी घरं मोजत, खोडत, पुन्हा मोजत २६ आणि १५ गाठले. चादरीतल्या एका फुलाचा धागा ओढला आणि ब्रह्मगुप्त हलला: मला खोली म्हणायचं आहे ते हे.

शेवटची गोष्ट. २०१४ मध्ये लंडनमध्ये सेमीर झेकी या मेंदूशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १५ गणितज्ञांना ६० समीकरणं दाखवून मेंदूची तपासणी केली. सुंदर वाटलेलं समीकरण बघताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच संगीत ऐकताना, चित्र बघताना जागा होतो. कांटने ओढलेली रेषा मेंदू तितकी काटेकोर पाळत नाही, एवढं यातून नक्की दिसतं. सगळ्यात सुंदर ठरलं ऑयलरचं e^(iπ) + १ = ० हे समीकरण. आणि सगळ्यात कुरूप ठरली रामानुजनची १/π ची १९१४ ची अनंत श्रेणी. बघितलीस तर तुलाही धक्का बसेल: ९८०१, ११०३, २६३९०, ३९६, असे कुठून आले कळू नये असे आकडे. पण तिच्या प्रत्येक पदागणिक π चे सुमारे आठ अंक बरोबर येतात.

त्यातला ९८०१ बघ. हार्डीने कवडीमोल ठरवलेल्या गमतीतला तोच आकडा. ती गंमत कवडीमोल आहेच, पण आकडा नाही. या श्रेणीत तो का आला याचा माग काढत गेलं, की त्याच्या मुळाशी ५८ आणि २९ या संख्या सापडतात, आणि २९ साठीची वर्गप्रकृती: ९८०१ चा वर्ग वजा १८२० च्या वर्गाची २९ पट. हे कागदावर स्वतः कर, मोबाईलवर नको. ९,६०,५९,६०१ मधून ९,६०,५९,६०० जातात, एक उरतो. त्या १५ जणांना ही श्रेणी कुरूप वाटली याचं मला आश्चर्य वाटत नाही. मलाही वीस वर्षं ती तशीच वाटत होती, कारण तिच्यातलं 'का' मला माहीत नव्हतं. आता ती बघितली की मला अण्णांचा ३० गुणिले २६ चा कागद आठवतो. तो कागद जपून ठेवला आहे. सुट्टीत कधी आलीस तर दाखवीन. येताना तुमच्या मागावरच्या एखाद्या फुलाची मापं, उभे-आडवे धागे मोजून, घेऊन ये.